पाय लागला की नमस्कार

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि उंचीने माझ्या कानाला लागली आहे. हाडापेराने रुंद, हाताचे पंजे मोठे, पायात बापाच्या चपला बसतात. हे आधीच सांगून टाकते, कारण तिला पहिल्यांदा भेटणारा माणूस दुसरं काही बोलतच नाही. "कितवीत गं तू?" "सहावीत." "अगं बाई!" हे 'अगं बाई' मी भाजीवालीपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांकडून ऐकलं आहे. अमरावतीला असते तर हसून सोडून दिलं असतं. पण पुण्यात येऊन मला बरीच वर्षं झाली. आता मी म्हणते, "हो ना, रोज पाणी घालतो आम्ही." मग पुढचं संभाषण आपोआप थांबतं.

वारज्याला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. आम्ही दोघं, मुलगी आणि माझे बाबा. आई गेल्यावर बाबांना मी अमरावतीहून इकडे घेऊन आले. ते एसटीत कंडक्टर होते. स्वभाव गरीब, पण एका बाबतीत कडक. पाय कुणाला लागला की त्या माणसाला हात लावायचा, तो हात आपल्या छातीला लावायचा आणि मगच पुढे जायचं. माणूस असो, वही असो, पोळ्यांचा डबा असो. आता दोन खोल्यांत चार माणसं आणि त्यात हिचे लांबलचक पाय. बाबा सतरंजीवर पेपर वाचत बसले की त्यांना पाय लागतो, मी पालेभाजी निवडायला बसले की मला लागतो. दिवसभर हिचा नमस्कार चालूच. तिच्या अंगात ते इतकं मुरलं की तिचं तिलाही कळेनासं झालं.

फुटबॉल तिने स्वतःहून मागितला. वर्गातली मैत्रीण कर्वेनगरच्या एका मैदानावर संध्याकाळी खेळायला जायची, तिच्यामागे हीही गेली. मला फार बरं वाटलं. म्हटलं, चला, एक तरी जागा अशी मिळाली जिथे या अंगाचं कुणाला कौतुक असेल. आणि होतंच. पहिल्या दिवशी तिथले सर, चोविशी-पंचविशीचा मुलगाच तो, तिला बघून खूश झाला. "मॅम, साइज भारी आहे हिची! डिफेन्सला टाकतो. कुणी पुढे जाऊच शकणार नाही."

पण सगळेच जायला लागले. समोरून एखादी मुलगी बॉल घेऊन यायची. माझी लेक बरोबर वेळेला पाय घालायची, बॉल अडवायचीही. पण त्यात तिचा पाय त्या मुलीच्या पायाला लागायचा, आणि ही थांबायची. वाकून तिच्या दंडाला हात लावायची, हात छातीशी न्यायची. तेवढ्यात बॉल गोलमध्ये. हसून हसून पोरी लोळायच्या. माझ्या शेजारी बसलेल्या एक बाई म्हणाल्या, "संस्कार छान आहेत हो. गोलकीपरला तेवढं सांगून ठेवा."

एका संध्याकाळी सरांनी मला बाजूला घेतलं. "मॅम, फुटबॉलमध्ये कॉन्टॅक्ट होणारच. ही दर वेळी सॉरी म्हणत बसली तर कसं चालेल? रविवारी मॅच आहे. हे थांबलं नाही तर मला तिला बाहेर बसवावं लागेल." मग थोडा घुटमळला. "एखादी लहानखुरी मुलगी असती ना, तर मी ॲडजस्ट केलं असतं. हिच्याकडून एक्स्पेक्टेशन जास्त आहे."

लेक जवळच उभी होती, बाटलीतून पाणी पीत. तिने सगळं ऐकलं. परतताना ती स्कूटरवर माझ्यामागे बसली होती. पुलाच्या सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "आई, मला फुटबॉल सोडायचा नाहीये."

"मग नमस्कार सोड."

"हात आपोआप जातो गं." आणि मग जरा वेळाने, "त्या सगळ्या बारीक आहेत. माझा पाय लागला तर त्यांना खूप लागत असेल ना?"

मागे वळून तिच्याकडे बघावं असं फार वाटलं, पण सिग्नल सुटला आणि मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. जन्मापासून तिने हेच ऐकलंय. तू जरा सरक, त्याला लागेल. तू दे तिला, ती लहान आहे. ती लहान म्हणजे हिच्याच वयाची, कधीकधी सहा महिन्यांनी मोठी. पाच वर्षांची असताना बागेतल्या झोक्यावरून लोकांनी हिला उतरवलंय, आता लहान मुलांना बसू दे म्हणून. मला याचा राग यायचा आणि अजून येतो.

तो सगळा राग मी घरी जाऊन बाबांवर काढला. "तुमच्या त्या नमस्कारापायी पोरीला बाहेर बसवणार आहेत! तुम्हीच शिकवलंय, आता तुम्हीच सोडायला सांगा तिला."

बाबांनी पेपरची घडी घातली. "म्हन्जे मी तिले सांगू, का बा लोकायले लाथा मार अन् तशीच पुढं जाय?"

"लाथा नाहीत हो बाबा, खेळ आहे तो."

"ते मले नाई सांगता येत."

जेवताना लेकीने दुसऱ्यांदा भात घेतला नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. हात धुतल्यावर बाबांनी तिला हाक मारली. "इकडे ये वो पोरी. बस. बाजाराच्या दिवशी आमची धारणीची गाडी पायली नाई तू. पाय ठेवाले जागा नसे. माणसं, टोपल्या, कोंबड्या. मी तिकिटं फाडत मागं जाओ, त दर पावलाले कोनाचा तरी पाय. एकेकाले नमस्कार करत बसलो असतो त गाडी परतवाड्यातच उभी रायली असती."

"मग तुम्ही काय करायचात, आजोबा?"

"गाडी सुटाच्या आंदी दारात उभा राहो अन् साऱ्या गाडीले मिळून एक नमस्कार करो. आता जे लागन, त्याची माफी आंदीच मागून घेतली. मंग बिनधास्त फिरो."

ती विचारात पडली. "असं चालतं?"

"रिटायर होयेपर्यंत चाललं. पन मुद्दाम कोनाले पाय मारशीन, त त्याले हा नमस्कार लागू नाई. ध्यानात ठेवजो."

मला हसू आवरेना, आणि डोळ्यांत पाणीही आलं. इतकी वर्षं मी या माणसाची मुलगी आहे आणि ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

रविवारी सकाळी बाबाही आमच्याबरोबर मैदानावर आले, इस्त्रीचा शर्ट घालून. दुसरी टीम शहराच्या पलीकडच्या टोकाची होती. सुरुवातीला दोन्ही टीम समोरासमोर उभ्या राहून हात मिळवतात. माझी लेक रांगेतून निघाली. एकेकीच्या दंडाला हात लावायची, तो आपल्या छातीशी न्यायची आणि पुढच्या मुलीकडे सरकायची. काही जणी फिदीफिदी हसल्या. एकीने गोंधळून उलटा नमस्कार केला. आमच्या सरांनी कपाळाला हात लावला, रेफरीने घड्याळाकडे पाहिलं. बाबा मात्र आपला यात काही संबंध नसल्यासारखे झाडाकडे बघत होते.

आणि मग ती खेळली.

पहिल्यांदा कुणाच्या पायाला तिचा पाय लागला तेव्हा हात अर्धा वर गेला. हात तिथेच थांबला, खाली आला, आणि बॉल घेऊन ती निघाली. मला फुटबॉल फारसा कळत नाही, पण माझी मुलगी मला कळते. ती कायम थोडी आखडून उभी राहते, खांदे आत ओढून, मान खाली घालून, कमी जागा व्यापावी म्हणून. त्या दिवशी ती मैदानावर पूर्ण उंचीने उभी होती. ती एवढी सुंदर दिसते हे मला माहीत नव्हतं.

साहजिकच पलीकडच्या पालकांत चुळबुळ सुरू झाली. एक गृहस्थ सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हिचं वय कुणी बघितलंय का?"

"मी बघितलंय," मी म्हटलं. "ती जन्मली तेव्हा मी हजर होते."

अंगापिंडाने काही फरक पडत नाही, असं लोक चांगुलपणाने म्हणतात. पडतो हो, कसा नाही पडणार? उंच आलेला प्रत्येक बॉल माझ्या लेकीचा होता. पण पलीकडच्या टीममध्ये दोन वेण्या घातलेली एक चिमुरडी होती, लेकीच्या जेमतेम खांद्यापर्यंत येईल एवढी. ती बॉल घेऊन हिच्या बगलेखालून अशी सटकायची की ही वळेपर्यंत पार. एकदा तर तिने हिच्या दोन पायांमधून बॉल काढला. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मैदानात त्यांचा हिशोब बरोबर चालला होता. गडबड होती ती काठावर बसलेल्या आम्हा मोठ्या माणसांची. चिमुरडी पडली की काठावरून "अरे अरे अरे" व्हायचं. माझी लेक पडली की कुणीतरी म्हणायचं, "भूकंप झाला."

खेळ संपायला थोडाच वेळ उरला होता. बॉल उंच आला. लेकीने उडी मारली, खालून त्या चिमुरडीनेही मारली. तिचं डोकं हिच्या हनुवटीवर आपटलं. तो आवाज काठापर्यंत आला. चिमुरडी डोकं धरून खाली बसली.

सगळे धावले. दोघे सर, रेफरी, तिची आई, पाण्याच्या बाटल्या, बर्फाची पिशवी. धावणाऱ्यांत मीही होते, आणि "सॉरी हं, सॉरी, मुद्दाम नाही केलं तिने" असं त्या बाईंना सांगत सुटले होते. माझी लेक बाजूला उभी होती. तोंडावर हात, खांदे पुन्हा आत. बाबा गुडघ्यामुळे मागे राहिले होते, हळूहळू येत होते.

घोळक्याच्या मधोमध बसलेल्या त्या मुलीने डोक्यावर पिशवी धरली आणि आमच्या सगळ्यांच्या पायांमधून मान बाहेर काढली. तिने माझ्या लेकीकडे वर पाहिलं.

"ए, तुझ्या बोटांमधून रक्त येतंय. तुला लागलं का गं?"

लेकीने मान हलवली. नाही. ही मान मला पाठ आहे, ती कायम नाहीच म्हणते. पण ती मुलगी बघत राहिली. खरंच विचारत होती ती. उत्तर मिळाल्याशिवाय नजर काढणार नव्हती.

"हो," लेक म्हणाली. "खूप लागलं."

आणि तिथेच मातीत बसून ती मोठ्याने रडायला लागली. अकरा वर्षांचं मूल रडतं तशी, नाक वाहत, हुंदके देत. चिमुरडीने बर्फाची पिशवी आपल्या डोक्यावरून काढून तिच्या हातात दिली. मी खाली बसले आणि लेकीला मांडीवर ओढून घेतलं. कितीतरी वर्षांत घेतलं नव्हतं. पाय बाहेर, कोपर बाहेर, पण मावली.