करवंटीतलं रक्त

आमच्या खाडीकाठच्या गावात एक वैद्यबुवा येत. विद्या जेमतेम, पण ऐट राजवैद्याची. मडक्यात जळवा घेऊन ते दारोदार हिंडत आणि लोक त्यांना पाटावर बसवून दूध पाजत. त्या माणसाची मला अजून चीड येते.

मिठागरात राबून आईचा पाय सुजला, तेव्हा बुवांनी चार जळवा लावल्या. रक्त पिऊन त्या गळून पडल्या, तरी जखमा वाहतच राहिल्या. मग बुवांची ती थोर परीक्षा. वाहतं रक्त करवंटीत धरायचं. थिजलं तर शुद्ध. न थिजलं तर नासकं, म्हणून उद्या पुन्हा जळवा. आईचं रक्त पाच दिवस नासकंच निघालं. निघणारच.

मी मुंबईच्या एका दवाखान्यात मलमपट्टीचं काम करत असे. कळल्यावर आगबोटीने आलो, तर आई पांढरीफटक, उठली की भोवळ. आमच्या डॉक्टरांकडून ऐकलेलं मी बुवांना सांगितलं, "वैद्यबुवा, रक्त थिजू न देणारं काहीतरी जळूच्या लाळेतच असतं. तेच जखमेत राहतं. आईच्या रक्ताचा काय दोष?"

"पट्ट्या बांधणारा मला रक्त शिकवतोय," बुवा म्हणाले. बाबाही हसले. बुवांपुढे त्यांची अक्कल नेहमीच गहाण पडलेली असे.

मी बाही वर सारून एक जळू स्वतःच्या दंडावर लावून घेतली. ती गळाल्यावर तिथलं रक्त एका करवंटीत धरलं. दुसऱ्या हाताच्या बोटाला सुई टोचून चार थेंब दुसऱ्या करवंटीत पाडले. थोड्या वेळाने थेंब थिजले, दंडाचं रक्त पातळच राहिलं. दोन्ही करवंट्या बुवांपुढे ठेवल्या. मला वाटलं, आता तरी हा गप्प बसेल.

थेंबांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पातळ रक्तात बोट बुडवून म्हणाले, "आईचा दोष पोरात उतरलाय. उद्यापासून यालाही जळवा." बाबांनी मान डोलावली.

पाच दिवस मुकाट पडून राहिलेली आई भिंतीला धरून उठली. चुलीजवळचं मूठभर मीठ घेतलं आणि जळवांच्या मडक्यात टाकलं.

"माझं असंल नासकं," ती बुवांना म्हणाली. "माझ्या पोराच्या रगतात काय खोट न्हाय."

जळवा वळवळून रक्त ओकू लागल्या. आई खाली बसली आणि तिने पाय माझ्यापुढे केला.

"बांध," ती म्हणाली.