जवसाच्या फुलाचा निळा

आमच्या नंदुरबारच्या गल्लीत लेकरासाठी म्हणून वेगळी खोली पहिल्यांदा झाली ती आमच्या घरात, आणि ती माझ्यासाठी नव्हती, माझ्या मामेबहिणीसाठी होती. पोरांना खोली लागते हे तोवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही मधल्या घरात ओळीनं झोपायचो. पाहुणे आले की ओळ सरकायची आणि शेवटचा माणूस धान्याच्या कोठीला टेकायचा.

मामेबहीण कोरीटची. मामांची तिथे शेती होती. देवीच्या साथीत ती सापडली तेव्हा जेमतेम सहा वर्षांची होती. जीव वाचला, दोन्ही डोळे गेले. पुढे एकदा आई माहेरी गेली, तर पोरीचा हात पोळलेला. कुणीतरी दुधाचं गरम पातेलं नेहमीच्या जागेवरून उचलून वाटेत ठेवलं होतं, आणि ही त्या वाटेनं रोजच्यासारखी निघाली होती. आईनं मामांना तिथेच सांगितलं, "दादा, हिले मी ली जास. नंदुरबारले डोळासना दवाखाना शे. आनि घरमा एक तरी जागा अशी करसू, जठली वस्तू हालनार नही."

मामा कबूल झाले. आईनं घरी आल्या आल्या मागची अडगळीची खोली रिकामी करायला घेतली. तिच्यात गायीसाठी सरकीची पोती असायची, फुटक्या घागरी, लग्नात वापरायची मोठी पातेली. वडील जिनिंग प्रेसमध्ये कारकून होते. ते संध्याकाळी आले तेव्हा सगळं सामान अंगणात पडलेलं होतं आणि गाय आरामात सरकी खात होती.

"पोर एकटी कशी झोपीन तठे?" वडिलांनी विचारलं.

"झोपाले नही ते, ऱ्हावाले," आई म्हणाली.

हे वाक्य मला फार नवल वाटून ऐकल्याचं आठवतं. खोलीत राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मी तेव्हा दहा वर्षांची होते. माझी स्वतःची म्हणावी अशी जागा म्हणजे कोनाड्यातला अर्धा भाग, तिथे माझी फणी आणि पाटी असायची. मी त्या रिकाम्या खोलीत जाऊन उभी राहिले, चार भिंतींकडे बघितलं आणि बाहेर आले.

वडिलांनी एका बाजेचे पाय कापून ती बुटकी केली, पडली तरी लागायला नको म्हणून. दारात गोणपाट अंथरलं, पायाला खरखरीत लागलं की दार आलं हे कळावं. बाजेपासून दारापर्यंत आणि दारापासून मोरीपर्यंत कमरेच्या उंचीवर सुताची दोरी बांधली. वडिलांना त्या दोरीचा भारी अभिमान होता. शेजारपाजारच्यांना बोलावून त्यांनी स्वतः डोळे मिटून दोरी धरून मोरीपर्यंत जाऊन दाखवलं.

मामेबहीण बैलांच्या दमणीतून आली. मामांनी तिला उचलून ओट्यावर ठेवलं. काटकुळी, कपाळावर आणि गालांवर व्रण, केस दोन घट्ट वेण्यांत. आईनं तिला खोलीत नेऊन तिचा हात दोरीवर ठेवला आणि म्हणाली, "हाई धरीसन चाल." ती चार पावलं चालली आणि थांबली.

"फुई, हाई दोरी काढी टाक," ती आपल्या आत्याला म्हणाली. "मी काय वासरू शे का?"

वडिलांनी दोरी सोडली. मग तिनं भिंतीला तळहात लावून खोलीची पूर्ण फेरी मारली, कोनाड्यात हात घातला, बाजेचे चारही पाय चाचपले, गोणपाटावर उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे केले. दोन्ही तळवे चुन्यानं पांढरे झाले होते. त्याच हातांनी ती डोळे चोळायला लागली तशी आई धावली. आई आधीच दवाखान्यात विचारून आली होती, औषध चालू असताना डोळ्यांना काही लागू देऊ नका म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं, आणि आम्ही दिवाळीचा ताजा चुना तसाच ठेवला होता.

म्हणून शेजारच्या चाचांना बोलावलं. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. ते पत्र्याच्या पेट्या आणि टांगे रंगवायचे. गावातल्या बहुतेक नव्या नवऱ्या त्यांच्या हातचे पोपट आणि गुलाब असलेल्या पेट्या घेऊन सासरी गेल्या होत्या. तेलाचा रंग हाताला लागत नाही, तेव्हा पोरीचा हात पोचतो तिथपर्यंत खोलीभर तेलरंगाचा पट्टा मारावा, असं ठरलं.

चाचा डबे घेऊन आले आणि वडिलांना म्हणाले, "भाऊ, कोनता रंग मारू?"

"जो उरेल व्हई तो. तिले कोनताबी चाली," वडील म्हणाले. त्यात तुसडेपणा नव्हता. जे मलाही वाटत होतं तेच ते बोलले.

बाजेवर बसलेली मामेबहीण म्हणाली, "कोनताबी म्हंजे कोनता?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती पुढे म्हणाली, "लोके येतीन. तेस्ले मन्ही खोली दिखीन ना?"

चाचा हसले नाहीत. ते तिच्यासमोर उकिडवे बसले. "बोल बेटी, तूच बोल. लाल शे, हिरवा शे, पिवळा शे, निळा शे."

लाल तिनं लगेच बाद केला. हिरवाही बाद केला, कोरीटला सगळं तेच असतं म्हणून. पिवळा म्हटल्यावर 'हळद' म्हणाली आणि नाक मुरडलं. निळा म्हटल्यावर मात्र ती अडखळली. मग म्हणाली, "निळा कसा ऱ्हास? माले याद यी नही ऱ्हायना."

मी म्हटलं, "आभाळासारखा." ती म्हणाली, आभाळ होतं हे आठवतं, वर मान केल्याचं आठवतं, पण रंग येत नाही. आईनं मोराचं नाव घेतलं. वडिलांनी शाईचं घेतलं, पण तिनं शाई कधी पाहिलेलीच नव्हती. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की रंग विसरता येतो. ही गोष्ट मला इतकी विचित्र वाटली की मी लगेच डोळे मिटून एकेक रंग आठवून पाहिला, सगळे जागच्या जागी आहेत ना म्हणून.

चाचांनी तोवर रंग पातळ करायच्या तेलाचा डबा उघडला. खोलीत वास पसरला. मामेबहिणीनं मान वर केली.

"हाई ते जवसनं तेल शे!"

"जवसनंच शे," चाचा म्हणाले. "उकळेल शे."

"आमना वावरमा जवस शे," ती घाईघाईनं बोलायला लागली. "मी बाबासंगे सकाये जायजो. तेनं फूल..." आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "तो निळा! जवसना फूलना निळा! तोच मार चाचा, दुसरा नको."

चाचांकडे दोन निळे होते. एक टांग्याच्या चाकांचा गडद, दुसरा त्याहून गडद. जवसाचं फूल कसलं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. तेल बाजारातून आणतात, शेतात कोण जातं? मामांना निरोप गेला. त्यांनी पुढच्या खेपेला जवसाची मूठभर फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. आम्ही सगळे फडक्याभोवती जमलो. फडकं उघडलं तर आत नुसते देठ आणि हिरव्या बारीक कळ्या. पाकळ्या सगळ्या गळून फडक्याला चिकटलेल्या, चुरगळून करड्या पडलेल्या.

मामा कपाळाला हात लावून म्हणाले, "सकायले फुलं व्हतात. वाटमा झडी ग्यात." मग त्यांनीच सांगितलं की जवसाचं फूल ऊन चढेपर्यंतच टिकतं, दुपारी शेत पाहाल तर कुणाला खरं वाटणार नाही की तिथे काही फुललं होतं.

आता काय करायचं, असा विचार चालला होता तेवढ्यात मामेबहिणीनं माझा हात धरला. "ताई, तू जाय. तू देखी ये. आनि चाचाले सांग."

मी मामांबरोबर दमणीतून कोरीटला गेले. मुक्काम केला आणि पहाटे त्यांच्यामागून शेतावर. थंडी अशी की बैलांच्या नाकातून वाफा निघत होत्या. हरभऱ्याच्या पलीकडे जवसाचा पट्टा होता. उजाडलं तेव्हा तो नुसताच हिरवट करडा दिसत होता. मी बांधावर बसून राहिले. उन्हाची तिरीप आली आणि फुलं उघडायला लागली. आधी कडेची, मग आतली. एखादं फूल जवळून पाहिलं तर जवळजवळ पांढरंच वाटायचं, पाकळीत बारीक गडद शिरा. सगळं शेत मिळून मात्र निळं होतं. मग मी नेमका कुठला निळा घेऊन जायचा, एका फुलाचा की शेताचा? हे तर मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "ती लहान व्हती ना. मन्हा खांदावर बशी ऱ्हायजे. तिले सगळं वावर दिखाये."

म्हणजे शेताचा. मी तो डोळ्यांत भरून घेतला. परतीच्या वाटेवर कुणाशी बोलले नाही, इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही. मामांना वाटलं मला थंडी बाधली.

घरी येऊन थेट चाचांसमोर बसले. त्यांनी फरशीच्या तुकड्यावर पांढऱ्यात थेंबभर निळा घातला. "हा?" मी म्हटलं, अजून. त्यांनी अजून घातला. "हा?" फार झाला. पांढरा घाला. आता तांबूस झाक हवी. किंचित, शेंदराइतकी नाही. चाचा न कंटाळता ढवळत होते. आणि ढवळताना बघता बघता माझीच गडबड व्हायला लागली. समोरचा प्रत्येक निळा मला खरा वाटायला लागला. सकाळी पाहिलेलं शेत आठवावं तर त्याच्यावर फरशीवरचा रंग येऊन बसायचा. तिसऱ्या प्रहरापर्यंत माझ्याजवळ काय उरलं होतं कोण जाणे. एका सकाळच्या रंगाची ही गत, तर हिनं दोन वर्षं काय काय सांभाळलं असेल, असं मनात आलं आणि मी तिच्याकडे बघितलं. ती शेजारीच बसून चाचांच्या काडीचा आवाज ऐकत होती.

शेवटी एका रंगावर मी हो म्हटलं. चाचांनी दुसऱ्या दिवशी खोलीभर पट्टा ओढला. वरच्या कडेला त्यांनी न विचारता पांढरी बारीक वेल काढली, सवयच होती त्यांची. जवसाच्या तेलाचा वास घरात कितीतरी दिवस राहिला. आई म्हणायची, भाकरीलासुद्धा येतोय.

रंग वाळल्यावर मामेबहीण भिंतीशी उभी राहिली. तळहात ठेवला, उचलला, वास घेतला.

"तोच शे ना, ताई?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण तिनं मला बघायला पाठवलं होतं. मी म्हटलं, "जवळपास."

"कितलं जवळ?"

मी विचार केला. "सकाळी आठ वाजता असतो त्याच्यापेक्षा थोडा दुपारकडे गेलेला."

तिनं तेही नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग चाली. दुपारले बी मी देखेल शे."

गल्लीतल्या बायका खोली बघायला आल्या. मामेबहीण बाजेवर बसून प्रत्येकीला सांगायची, हा जवसाचा निळा आहे. बायका मान डोलवायच्या. एकीनं दाराबाहेर येऊन विचारलं, "हिला कसं कळतं गं?" ती प्रश्न मला विचारत होती, पण उत्तर आतून मामेबहिणीचं आलं, "सांगाले दोन जन लागनात, मी आनि ताई."

डोळ्यांच्या औषधाचा उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी काही महिन्यांनी ते स्वतःच सांगितलं. आई रडली. मामेबहिणीनं विचारलं, मग आता खोली जाणार का? नाही, असं वडील म्हणाले, आणि ती पुढे वर्षानुवर्षं त्या खोलीत राहिली. मीही हळूहळू माझं अंथरूण तिथे नेलं. एकदा मी तिला विचारलं, तुला सगळं काळं दिसतं का? ती म्हणाली, "तुन्हा पाठमांगे तुले काय दिखस? काळं?" मी वळून बघायला लागले तशी ती हसली. मी मान सरळ केली आणि पाठीमागे काय दिसतं ते बराच वेळ बघत बसले. काळं नव्हतं. काहीच नव्हतं.

मामांना उशिरानं मुलगा झाला तेव्हा मामीला मदत हवी म्हणून ती कोरीटला परत गेली. तोवर ती धीट झाली होती, घरचं दळणकांडण आणि गोधड्यांचे टाके सगळं हाताच्या अंदाजानं करायची. पुढे माझं लग्न नवापूरला झालं. दिवाळीत मी कोरीटला गेले की ती धाकट्या भावाला मांडीवर घेऊन अंगणात बसलेली असायची आणि मला बोलूच द्यायची नाही, आधी तिचे प्रश्न. नवापूरची माणसं गुजरातीत भांडतात की मराठीत? रेल्वेच्या शेजारी घर आहे तर भांडी हलतात का?

एका दिवाळीत तिनं विचारलं, "ताई, गाडी जव्हय पूलवर येस, तव्हय तिना आवाज बदलस का?"

मी त्या रुळांपासून आणि पुलापासून हाकेच्या अंतरावर राहत होते आणि मला सांगता येईना. घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवरचं दूध उतरवून ठेवलं, मागच्या दाराशी उभी राहिले आणि सुरतेकडून पुलावर येणाऱ्या गाडीची वाट बघू लागले.