उल्हासने बसवलेलं कुलूप

बनारसमध्ये दुर्गाघाटाच्या ज्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली की एकाला भिंतीला चिकटावं लागतं, तिथे राहून उल्हास मोटारींना रिमोटची कुलपं बसवायचा. घरची भिक्षुकी सोडून त्याने हा उद्योग धरला, म्हणून गल्लीत त्याची थट्टा व्हायची. एकाच माणसाला त्याचं भारी कौतुक होतं. ते जबलपूरचे मेहुणे, रत्नाकरराव. त्यांच्या गाडीला त्याने स्वतः कुलूप बसवून दिलं होतं.

त्या कुलपातली खोट उल्हासला ठाऊक होती. बटण दाबलं की रिमोट दर वेळी तोच इशारा सोडायचा. जवळ उभं राहून कोणी तो यंत्रात टिपला, की तोच पुन्हा सोडून गाडी उघडता यायची. दर वेळी इशारा बदलणारी नवी कुलपं दिल्लीत आली आहेत, हेही त्याने वाचलं होतं. पण बनारसमध्ये असलं यंत्र कोणाकडे असणार, असं म्हणून गडी स्वस्थ बसला. आळस, दुसरं काय!

सत्त्याण्णवच्या माघात रत्नाकरराव गेले. उल्हासची बहीण शरदिनीताई मुलाला घेऊन त्याच गाडीतून अस्थी गंगेत सोडायला आली. गुरुजी दुपारी मोकळे होणार होते आणि अस्थी घरात आणायच्या नाहीत, ही रीत. कलश गाडीत ठेवायचा म्हणताच ताईचा पाय निघेना.

"ताई, फिकर नको करू. माझं कुलूप आहे," उल्हास म्हणाला आणि मोठ्या सडकेवर उभ्या गाडीचं बटण त्याने ऐटीत दाबलं. आजूबाजूला चार लोक रेंगाळत होते. तिकडे त्याने पाहिलंही नाही.

अंघोळी उरकून ते तासाभराने परतले, तर जागा रिकामी.

चौथ्या दिवशी गाडी मुगलसरायपलीकडे सापडली. दाराला साधा ओरखडा नव्हता. आत कलश नव्हता. चोराने तो कुठे फेकला, हे कधीच कळलं नाही. ज्या गंगेसाठी लोक जन्मभर आस धरतात, तिच्यापासून हाकेच्या अंतरावर येऊन रत्नाकरराव राहून गेले.

ताईने कोणाला बोल लावला नाही. उलट राजा घाटाच्या पायरीवर बसून ती भावालाच समजावू लागली, "तू तरी काय करणार रे? नसीब आपलं."

उल्हासला ते सोसवेना. "ताई, मला मालूम होतं," तो म्हणाला आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

ताई म्हणाली, "निदान त्यांना तरी सांगायचं होतंस. अरे, आजारपणातसुद्धा ते डॉक्टरांना तुझ्या कुलपाचं कौतुक ऐकवत होते."