पीडी सरांची पेटी

रेडमध्ये सुनीताचं 'कबड्डी, कबड्डी' मधेच तुटलं, तेव्हा मी तिच्यावर ओरडलो, "दम काऊन सोडला?"

बोथ गावात मुलींची आंतरकॉलेज फायनल होती. रेड म्हणजे एकटीनं समोरच्या टीमच्या हद्दीत शिरायचं, एका दमात 'कबड्डी' म्हणत. आवाज थांबला की बाद. मी कॉलेजचा फिजिकल डायरेक्टर. पोरी पीडी सर म्हणतात.

ओरडत होतो तोवर ती कोसळली. हातपाय ताठ, तोंडाला फेस.

सरकारी दवाखान्यात झटका थांबला, पण श्वास फार मंद चालला होता.

"हिनं काय घेतलं? लवकर सांगा," डॉक्टर म्हणाले.

"काही नाही. माझ्या पोरी मॅचआधी चहासुद्धा घेत नाहीत."

कॅप्टन रेखा भिंतीकडं पाहत बोलली, "गोळ्या घेतल्या, सर."

"कुठून आणल्या?"

"तुमच्या पेटीतून."

फर्स्ट एडची पेटी माझीच. रेखाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा कडक पेनकिलर उरल्या होत्या. मीच म्हटलं होतं, "फेकू नका, पेटीत टाका. कुणाच्या तरी कामी येतील." मग टीमची रीतच पडली. जिचं औषध उरलं, ती पेटीत आणून टाकायची.

"पण सुनीताचं काय दुखत होतं?"

"काईच नाही, सर. घेतली का भेव लागत नाही. आमी समद्याच घेऊन राह्यलो. हिनं आज जास्ती घेतल्या."

मी सोबत आणलेली पेटी उघडून पाकीट डॉक्टरांना दिलं.

डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट उलटून पाहिलं. "ही अफूच्या जातीची. जास्त झाली की झटका येतो, श्वास थांबू शकतो. चिठ्ठीशिवाय मेडिकलवाला देत नाही. तुम्ही देता?"

संध्याकाळी सुनीतानं डोळे उघडले. "रेड फेल गेली का, सर?"

प्रिन्सिपल फोनवर म्हणाले, "पेटीचं नाव काढू नका. बाहेरून आणली म्हणा."

नार्नूर गावाहून सुनीताचे वडील आले. कपाशीच्या शेतातून तसेच निघालेले. मी त्यांच्यासमोर पेटी उघडली अन् सगळं सांगितलं. त्यांनी आत पाहिलं.

"म्या तं तुमच्याच भरोशावर धाडली होती, सर."

सुनीता वाचली. यंदा खेळणार नाही. पुढच्या वर्षी पाठवतील का, हे विचारायची माझी हिंमत नाही. बाकीच्या पोरी आता मॅचआधी भेव लागते म्हणून सांगतात. पूर्वी कुणी सांगत नसे, अन् मी त्याला टीमची हिंमत समजत होतो.

पेटीत आता पट्ट्या अन् बर्फाची पिशवी असते. उरलेलं औषध वाया जाऊ द्यावं.