वाघजाईच्या घळीत घेतलेलं नाव

राहीबाईचा नवरा तिच्याशी बोलायचा बंद झाला, त्याला तिच्या मते एकच कारण होतं, म्हस. दुष्काळाच्या साली बिराप्पा चाऱ्यासाठी वणवण करत लांब गेला होता, आणि इकडं वडूजजवळच्या त्यांच्या दारात शेवटच्या म्हशीचा हाडांचा सापळा झाला होता. गिऱ्हाईक आलं आणि राहीबाईनं दावं त्याच्या हातात दिलं. बिराप्पा रिकाम्या हातानं परत आला, खुंट्याकडं बघितलं आणि गप बसला. शिव्या दिल्या असत्या, हात उगारला असता, तरी तिनं सोसलं असतं. पण हा बाबा अवाक्षर बोलला नाही. पुढं पुढं तर त्यानं सगळ्यांशीच बोलणं टाकलं. भाकरी पुढ्यात आली की खायची आणि मावळतीकडं तोंड करून बसायचं. लोणंदच्या बाजारात हमाली करणारा पोरगा म्हणाला, "आये, वय झालं त्येचं." वय झालं म्हणे! राहीबाईला ते पटेना. रुसलाय, दुसरं काय.

मावळतीकडं त्यांचं मूळ रान होतं. कोयनेच्या धरणाचं पाणी चढलं तशी तिथली गवळी धनगरांची घरं उठली आणि ह्या दोघांच्या वाट्याला खटावातली कोरडी जमीन आली. पावसाला कंटाळणारी माणसं ढग दिसला की अंगणात येऊन बघायला शिकली. राहीबाईनं तेही पचवलं. फटकळ बाई, रडायची सवय नव्हती तिला.

तर त्या माघात पलटणीतून पेन्शनीवर आलेले हंबीरराव हवालदार गावातली चार माणसं घेऊन धरणापल्याडचं राखीव जंगल बघायला निघाले. गवे बघायचे, शेकरू बघायचं, वाघजाईची घळ बघायची. "लाँच हाय, गार्डाची परमिशन हाय, एकदम फस्टक्लास बंदोबस्त," असं ते पारावर सांगत होते. राहीबाई तिथंच जाऊन उभी राहिली.

"आमाला न्या. सोताच्या रानात सहलीला जायाची पाळी आली आमच्यावर, तर तसं. पन न्या."

तिनं मनाशी धरलं होतं की म्हातारा आपल्या झाडीत गेला की त्याचा राग उतरेल. फार नको होतं तिला. माझ्याशी एक शब्द बोल, एवढंच.

लाँचमध्ये बिराप्पा खाली मान घालून बसला. ह्याच पाण्याखाली त्यांची चूल होती, म्हणून राहीबाईनंही तोंड फिरवलं. पण पल्याडच्या काठाला पाय लागले आणि म्हातारा बदलला. वहाणा काढून काखेत मारल्या आणि गार्डाच्याही पुढं निघाला. वर जांभळीची गर्द झाडी, खाली कारवी, ऐन दुपारी अंधारल्यागत सावली. कुठंतरी शेकरू कडकडलं. हंबीरराव धापा टाकत मागनं येत होते. एका ओघळीपाशी बिराप्पानं हात वर केला, तसे सगळे थबकले. समोर गव्यांचा कळप उभा होता. काळेभोर अंग, पायात पांढरे मोजे.

"म्होरली पोटुशी हाय," बिराप्पा हळूच म्हणाला.

राहीबाईनं गवे सोडून त्याच्याकडंच बघितलं. एवढ्या दिसांनी तो आवाज! तिच्याशी नसेना का, गव्याबद्दल असेना का, पण म्हातारा बोलला होता. तिनं मनातल्या मनात वाघजाईला चोळीखण कबूल केला.

घळीच्या तोंडाशी पाकोळ्यांचा उग्र वास येत होता. ह्या घळीची एक रीत होती. आत शिरण्याआधी घरी आपली वाट कोण बघतंय त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं, म्हणजे घळ माणसाला ठेवून घेत नाही. आत अस्वल असलंच, तर हाकेनं तेही मागच्या तोंडानं निघून जातं. सगळ्या संसारात बिराप्पानं बायकोला "आगं" सोडून काही म्हटलं नव्हतं. आता तो कपारीला हात टेकून उभा राहिला आणि छाती भरून ओरडला,

"राही! घरला राही एकटी हाय! म्हागारी धाड मला!"

आतून पाकोळ्यांचा लोट बाहेर पडला. मंडळी हसली, राहीबाईही लाजून हसली. पदर सावरत पुढं झाली.

"आवं, एकटी कशापायी? मी हितंच हाय की."

बिराप्पानं तिच्याकडं बघितलं. राग नव्हता त्या नजरेत, रुसवाही नव्हता. अदबीनं बाजूला सरून त्यानं तिला वाट दिली.

"तुमी कुनाकडच्या म्हनायच्या, बाई? जपून या, निसरडं हाय."

हंबीररावांना आधी थट्टा वाटली. मग त्यांनी हातातली बॅटरी खाली केली. घळीत राहीबाई गेली खरी, पण आत काय होतं ते तिला कुणी विचारू नये.

परतायची वेळ झाली तर बिराप्पा हलेना. "तुमी जावा पाव्हनं. राही वाट बघत आसंल, दिस कलला." गार्ड म्हणाला, राखीव रानात कुणाला राहता येत नाही. हंबीररावांनी दंड धरला तो त्यानं हिसडून सोडवला. शेवटी राहीबाई पुढं झाली.

"राहीनंच धाडलंय मला. ती पल्याड हाय. तुमाला घेऊन या म्हनली."

म्हातारा लगोलग उठला आणि तिच्या मागोमाग लाँचमध्ये येऊन बसला.

"तुमी वळखता व्हय तिला?" पाण्यावर गार वारा सुटला तेव्हा त्यानं विचारलं.

"शेजारलाच असते मी."

"म्हस दिली वो तिनं. लय रडली आसंल देताना." "तिला वाटतं मी रागावलोय. राग कसला, बाई? एवढं रान फिरलो, चाऱ्याची एक पेंडी गावली न्हाई मला. तिच्याम्होरं तोंड उघडायला जागाच ऱ्हायली न्हाई. तेवढं सांगायचं ऱ्हायलं."

राहीबाईनं तोंडावर पदर दाबून धरला. मग म्हणाली, "मी सांगते की तिला."

"न्हाई, न्हाई. तुमी नगा. माझं मी सांगतो, घरी गेल्यावर."

"बरं," राहीबाई म्हणाली. "तुमीच सांगा."