मालीला जायचा कौल

एकोणीसशे ऐंशीनंतरची पाच-सहा वर्षं रत्नागिरीच्या आमच्या पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर माझे एक सहकारी बसत. "यंदा रजेत कुठे?" असं विचारलं की तिकिटाला डिंक फासत म्हणायचे, "माली. आफ्रिकेत. समुद्र नाही हो तिथे, अजिबात नाही!" जन्मभर बघून बघून त्यांना समुद्राचा वीट आला होता. पासपोर्ट काढून झालेला, वाटेत खायला सुक्या कोळंबीच्या सोड्यांची पुरचुंडीही बांधलेली. अडायचं ते फक्त ग्रामदेवीच्या कौलावर. दर वर्षी गुरव गाऱ्हाणं घालून देवीला फुलं लावी, नकाराचं डावं फूल पडे, आणि हे मोठा सुस्कारा सोडून सोडे वांग्यात घालायला घरी नेत. सुस्कारा जरा जास्तच मोठा असे.

एका वर्षी उजवं पडलं. मी पेढे आणायला निघालो, तर ह्यांचा चेहरा पांढराफटक.

"अहो गुरव, देवीला देश नीट सांगितला नाहीत तुम्ही. पुन्हा लावा."

पुन्हा उजवंच!

तिसऱ्यांदा फुलं लावून झाल्यावर गुरवाला बाजूला सारून ते स्वतःच देवीपुढे वाकले, आणि मला ऐकू जाऊ नये अशा बेताने, पण मला ऐकू आलंच, पुटपुटले, "आई, तिकडे बांगडा मिळत नाही गं."

डावं फूल टपकन पडलं.