राणीच्या कानावरची बट

शालिनीवहिनींचा फोन आला तेव्हा मी दूध तापत ठेवलं होतं. "ताई, हे गेले," एवढंच म्हणाल्या. शेजारच्याच घरातून फोन... मी धावत जायला हवं होतं, पण मी दुधापाशीच उभी राहिले. दुःख होतंच, पण त्याच्याआधी लाज आली. कसली, ते आज लिहिते.

वहिनींचे यजमान दत्तूभाऊ देवळाली प्रवराकडे साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होते. निवृत्त झाल्यावर केडगावात आमच्या शेजारी आले, ते जुन्या नाण्यांचा नाद घेऊनच. मी सातवी शिकलेली, तोंडाची वाचाळ. माझ्या हातात भिंग दिलं ते त्यांनीच. "आधी उंच जागा बघा ताई. केस, कान, मुकुट. ठसा नीट बसला का न्हाई, ते तिथंच कळतं." प्रूफ म्हणजे टांकसाळीनं खास चकचकीत केलेल्या ठशानं, निगुतीनं पाडलेलं नाणं. त्याची रेघन्‌रेघ उठलेली असते, असं मी घोकून ठेवलं होतं.

रविवारी नगरात नाणी जमवणारे सात-आठ जण एकत्र बसतात. त्यात बाई मी एकटी. एकदा भाऊंनी राणीछाप प्रूफ रुपया आणला, कित्येक वर्षं शोधून मिळालेला. कौतुकानं आधी माझ्याच हातात दिला. मी भिंग लावलं, तर राणीच्या कानावरची बट सपाट! सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला चेव आला. "भाऊ, फसलात की तुमी! झिजलाय हा. वापरातला रुपया पॉलिश करून गळ्यात मारलाय कुणीतरी." हशा पिकला. एक निवृत्त सर म्हणाले, "घ्या, चेली गुरूच्या वर गेली!" भाऊ काही बोलणार होते... मग नुसतं "असंल" म्हणाले आणि रुपया खिशात ठेवला.

त्यानंतर ते बैठकीला आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणायचे. मी मात्र जात राहिले. लोक मला नाणी दाखवू लागले, आणि मला ते आवडायचं.

दहावं झाल्यावर वहिनींनी तोच रुपया माझ्यापुढे ठेवला. "तुमाला कळतं त्यातलं. खरा हाय का बघा." मी दारातल्या उजेडात तो तिरपा केला. बट सपाटच होती. पण झिजलेल्या जागेची चमक मरते, पॉलिश केलं तर बारीक ओरखडे उठतात, आणि इथं ओरखडा नव्हता, चमक बटेवरसुद्धा अखंड होती. रुपया झिजलेला नव्हता, ठसाच जुना, बोथट झालेला होता. त्याच ठशानं टांकसाळीनं पुढं कधीतरी पुन्हा प्रूफ पाडलं होतं. जन्मभर लोखंडाशी खेळलेल्या माणसाला हे कळलं नसेल? एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं त्यांना.

"खरा हाय वहिनी," मी म्हटलं.

"हेबी तेच म्हणायचे. मग बैठकीत सांगत का न्हाई, असं मी म्हटलं, तर म्हणले, ताईंना आत्ता कुठं गोडी लागलीय, चारचौघांत तोंडघशी कशाला पाडायचं..."

गेल्या रविवारी वहिनींकडून रुपया मागून नेला. माझी चूक सगळ्यांना सांगितली. सर म्हणाले, "जाऊ द्या ताई, माणूस गेला. आता काय त्याचं?"

"न्हाई. बघा तुमी."

एकेकानं रुपया कडेनं धरून उजेडात तिरपा केला. कुणी हसलं नाही. फिरत फिरत तो माझ्यापर्यंत आला, तेव्हा सरांनी भिंग पुढं केलं. मला ते घेववलं नाही.